कोरफडीचा गर हवा, चीक नको

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोनला नळ सोडला की चहाचं अर्धं काम झालेलं पाणी येतं. गच्चीवरची काळी टाकी सकाळपासून तापलेली असते आणि भिंतीवरचा पाइपही उन्हातच असतो. वर्धा रोडला दुचाकीवर एक चक्कर मारून आलेला माणूस पोळलेले हात त्या धारेखाली धरतो आणि आणखीच कळवळतो. मग घरातलं कोणीतरी कुंडीतलं कोरफडीचं पान तोडतं, मधोमध चिरतं आणि सालीसकट हातावर घासतं. दोन्ही गोष्टी मायेने केलेल्या, पण दोन्ही चुकलेल्या. कोरफडीचा उपयोग होतो. मात्र ती थंड पाण्यानंतर लावायची असते, आणि पानातला पिवळा चीक काढून टाकल्यावरच.

आधी एक घोळ सोडवू. आपल्याकडे "ऊन लागलं" म्हणतात ते वेगळं आणि उन्हाने कातडी पोळणं वेगळं. ऊन लागतं तेव्हा शरीराचं तापमान आवरत नाही, चक्कर येते, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. ते उष्णतेमुळे होतं. कातडी पोळते ती सूर्याच्या अतिनील किरणांमुळे, आणि त्या किरणांचा पाऱ्याशी थेट संबंध नसतो. एकाच दुपारी दोन्ही होऊ शकतात, पण कोरफडीचं काम फक्त दुसऱ्या बाबतीत आहे. ऊन लागलेल्या माणसाच्या अंगाला कोरफड चोळत बसणं म्हणजे दवाखान्यात नेण्याचा वेळ घालवणं.

अतिनील किरण किती येतात हे मुख्यतः सूर्य किती वर आहे यावर ठरतं. नागपूर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा होते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक मानलेले नऊ दिवस, तेही साधारण २५ मेपासूनच धरतात, म्हणजे उष्णता आणि अतिनील किरण दोन्ही एकाच आठवड्यात कळस गाठतात. पण म्हणून मार्चमध्ये बिनधास्त राहायचं असं नाही. होळीच्या दिवसांत हवा अजून सुसह्य असते, तरी दुपारचं ऊन कातडी पोळायला पुरतं, आणि जूनमध्ये पातळ ढग आले म्हणून किरण थांबत नाहीत. अंदाज घ्यायची सोपी रीत अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा उघडी कातडी धोक्यात असते.

हे किरण कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींमध्ये शिरतात आणि त्यांच्या डीएनएला इजा करतात. इजा झालेल्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, त्या जागेच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून तिथे लाली, गरमपणा आणि ठणका येतो. यातला वेळेचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्रास लगेच जाणवत नाही. तीन ते सहा तासांनी सुरू होतो, बारा ते चोवीस तासांत सर्वांत जास्त होतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. सकाळी दहा ते एक मैदानावर क्रिकेट खेळून आलेलं पोरगं दोन वाजता वरण-भात खाऊन ठणठणीत असतं, आणि रात्री नऊला त्याला पाठ टेकवता येत नाही. म्हणून "बघू, लाल झालं तर लावू" असं थांबून चालत नाही. भर उन्हात तास-दोन तास उघड्या अंगाने काढले असतील तर घरी आल्याबरोबर कातडी थंड करायला घ्यावी.

सावळ्या आणि गव्हाळ कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून "आपल्याला नाही बुवा होत असलं काही" हा समज पसरतो. तळहाताची मागची बाजू त्या जागेवर टेकवून बघा. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम लागते, कापड घासलं की झोंबते, कातडी ओढल्यासारखी वाटते. नंतर ती काळवंडते. नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्यांचा वरचा भाग, मान, हाताची मागची बाजू आणि चपलेच्या पट्ट्यांमधून दिसणारं पाऊल या जागा हमखास सापडतात. डोकं-चेहरा दुपट्ट्याने घट्ट बांधून गाडी चालवणाऱ्या मुलींचेही मनगटापासून कोपरापर्यंतचे हात उघडेच असतात. कारच्या बंद काचेतून पोळवणारे किरण फारसे येत नाहीत, काळवंडवणारे मात्र येतात. रोज गाडी चालवणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा पडतो तो त्यामुळेच.

पाणी कुठलं घ्यायचं

टाकीचं नको, हे झालंच. बर्फही नको. बधिरपणामुळे बरं वाटतं, पण आधीच दुखावलेल्या कातडीला बर्फ थेट लावला तर गारठ्याची वेगळी इजा होते. माठातलं किंवा रांजणातलं पाणी नेमकं हवं तेवढं थंड असतं. नाहीतर सकाळी सहाला एक बादली भरून न्हाणीघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवायची, दुपारपर्यंत ती चालते. सुती पंचा किंवा जुन्या धोतराचा तुकडा त्यात भिजवून, न घासता, पोळलेल्या जागेवर पसरायचा. दोन-तीन मिनिटांत तो गरम लागायला लागतो, मग परत भिजवायचा. असं दहा ते पंधरा मिनिटं. साबण लावायचा नाही. शेवटी कातडी टिपून घ्यायची, पण पूर्ण कोरडी करायची नाही. किंचित दमट असतानाच गर लावायचा.

पानात काय असतं

कोरफडीच्या पानाला तीन थर असतात. बाहेर जाड हिरवी साल. सालीच्या लगेच आत बारीक नळ्या, ज्यांतून पिवळा, कडूजहर चीक वाहतो. आणि मध्ये पारदर्शक, बुळबुळीत गर. गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात, त्या पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्यामुळेच गर ओघळून न जाता कातडीला चिकटून राहतो.

चिकात अ‍ॅलोइन असतं. झाडाने ते खाणाऱ्या जनावरांना पळवायला बनवलेलं आहे आणि ते आपलं काम चोख करतं. कातडीवर खाज, पुरळ, आग, आणि पोटात गेलं तर जुलाब. हाच चीक वाळवला की काळा बोळ होतो. आयुर्वेदात त्याला स्वतःची जागा आहे, पण पोळलेल्या गालावर नक्कीच नाही. "मला कोरफड सोसत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर चीक सोसलेला नसतो. पान चिरून सालीसकट घासलं की गराबरोबर चीकही लागतो, आणि सालीच्या कडेच्या काट्यांचे ओरखडे वर.

आता गर नेमकं करतो काय? सर्वांत मोठं काम साधं आहे. ओला थर वाळताना कातडीतली उष्णता घेऊन जातो, आणि विदर्भाच्या कोरड्या दुपारी हे फार जोरात होतं. कुलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे. शिवाय कातडीवर पातळ पापुद्रा राहतो आणि ओल टिकते. दाह कमी करण्याचा गुणही त्यात थोडाफार आहे, पण त्याबद्दलचे पुरावे एका बाजूचे नाहीत. २००५ मध्ये थायलंडमध्ये झालेल्या अभ्यासात कोरफडीच्या क्रीमचा उन्हाच्या पोळण्यावर उपयोग दिसला नाही. २००८ मध्ये जर्मनीत ४० लोकांवर केलेल्या चाचणीत ९७.५ टक्के कोरफडीच्या जेलने ४८ तासांनंतर लाली कमी केली, पण स्टेरॉइडचं क्रीम तिच्याही पुढे गेलं. म्हणजे आग शमते, झोप लागते, कातडी कमी ओढते. डीएनएला झालेली इजा मात्र कोरफड भरून काढत नाही. ते काम शरीर स्वतःच्या गतीने करतं.

पान काढण्यापासून लावण्यापर्यंत

आधी झाड बघून घ्या. शेताच्या बांधावर, रुळांच्या कडेला घायपात असते. लांबून ती कोरफडीसारखी दिसते, पण पान ताठ, टोकाला सुईसारखा कडक काटा, आणि फाडलं तर आत दोऱ्या. तिच्यापासून दोर वळतात ते उगाच नाही. तिच्या रसाने कातडीवर चांगलेच फोड येतात. कोरफडीचं पान मऊ असतं, वाकवलं तर कचकन मोडतं आणि आत काचेसारखा गर दिसतो, दोऱ्या नाहीत.

झाड दोन-तीन वर्षांचं हवं. सर्वांत खालचं, बाहेरचं, दीड वीतभर लांबीचं जाड पान सकाळी बुडाशी कापा. दुपारी गच्चीवरच्या कुंडीतलं पान हाताला लागतं इतकं तापलेलं असतं. कापल्याबरोबर कापलेलं टोक खाली करून ते पेल्यात तिरपं उभं ठेवा. काही सेकंदांत कडेने पिवळे थेंब उतरायला लागतात, पेल्याच्या तळाशी जमतात आणि हळूहळू तपकिरी होतात. पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. जवळ पांढरा कपडा नको, डाग पडतो.

मग पान वाहत्या पाण्याखाली धुवा. बुडाचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा आणि टोक कापून टाका. दोन्ही बाजूंच्या काटेरी कडा सुरीने काढा. पान पाटावर आडवं ठेवून, सपाट बाजूच्या सालीखाली सुरी सरकवा आणि माशाचा काटा सोडवावा तशी साल एका पट्टीत उचला. पलटवून दुसरी बाजूही तशीच. साल काढताना कंजूषपणा करू नका. गराला हिरवट-पिवळा थर चिकटलेला दिसला तर तो तासून टाका, कारण चिकाच्या नळ्या तिथेच असतात. राहिलेली गराची लादी माठाच्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या, वाटल्यास दहा मिनिटं बुडवून ठेवा. नीट धुतलेला गर जवळपास बिनवासाचा असतो. जिभेच्या टोकाला लावून कडवट लागला तर अजून धुवायला हवा. (चव घेऊन लगेच थुंकायचा.)

गर चमच्याने चेचा आणि गाळणीतून दाबून काढा. मिक्सरला फिरवला की नुसता फेस होतो. चेहरा आणि मानेला दोन चमचे, दोन्ही हातांना कोपरापर्यंत साधारण तीन चमचे पुरतात. झाकणाच्या काचेच्या बरणीत घालून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला तर लावताना जास्त बरं वाटतं. त्याहून थंड नको.

पहिल्यांदाच वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला, न पोळलेल्या कातडीवर, रुपयाएवढा ठिपका लावून एक दिवस बघा. ही परीक्षा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करून ठेवलेली बरी, कारण पोळल्यावर चोवीस तास थांबायला कोणाला वेळ असतो? कांदा-लसूण हाताला लागला की ज्यांना पुरळ येतं त्यांनी विशेष जपावं, कारण कोरफडही त्यांच्या दूरच्या नात्यातली आहे.

लावताना बोटांनी टेकवत पसरवा, चोळू नका. थर पातळ पण सलग हवा. आणि लावून कुलरच्या झोतासमोर बसू नका, ही इथली खास चूक. झोतात पाच-सात मिनिटांत गर वाळतो, त्याचा कडक पापुद्रा होतो, हसलं की गाल ओढतो, आणि खालची कातडी पहिल्यापेक्षा कोरडी पडते. झोत बाजूला ठेवून बसा. पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या कापडाने टिपून काढा आणि पुन्हा लावा. पहिल्या दिवशी असं तीन-चार वेळा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोनदा. रात्री शेवटचा थर टिपून काढल्यावर दमट कातडीवर बिनवासाचं हलकं मॉइश्चरायझर लावा, म्हणजे आत आलेली ओल उडून जात नाही.

उरलेला गर फ्रिजमध्ये दोन, फार तर तीन दिवस टिकतो. त्यात परिरक्षक काही नसतं, म्हणून जंतू लवकर वाढतात. तो गुलाबी-तपकिरी झाला, वास आला किंवा पाण्यासारखा पातळ झाला की फेकून द्या. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येतो, पण खडा थेट कातडीवर फिरवायचा नाही. वितळवून लावायचा.

विकतचं जेल

खरा गर पारदर्शक असतो. डब्यातलं जेल हिरवंगार दिसत असेल तर तो रंग घातलेला आहे. समोरचा "९९ टक्के" हा आकडा सोडून द्या आणि मागची घटकांची यादी वाचा. ती सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा कोरफडीचं नाव, म्हणजे अ‍ॅलो बार्बाडेन्सिस, पहिल्या एक-दोन नावांत हवं. यादीत अल्कोहोल वर दिसलं, सुगंध किंवा मेंथॉल असलं तर पोळलेल्या कातडीसाठी ते घेऊ नका. मेंथॉलने गार वाटतं, पण दुखऱ्या कातडीला ते झोंबतं. बेन्झोकेनसारखं बधिर करणारं औषध असलेली मलमंही टाळावीत, त्यांची अ‍ॅलर्जी होऊ शकते. चीक काढण्याची कटकट नको असेल तर साधं, बिनवासाचं जेल घरच्या अर्धवट धुतलेल्या गरापेक्षा कितीतरी बरं.

काय लावू नये

लिंबू अजिबात नाही. ते आम्लधर्मी तर आहेच, शिवाय लिंबाच्या रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. "काळवंडलेलं निघावं" म्हणून गरात लिंबू पिळणारे नेमके तेच डाग ओढवून घेतात. मुलतानी माती वाळताना ओल शोषते आणि काढताना घासावी लागते. हळदीने कातडी पिवळी होते आणि लाली वाढते आहे की कमी होते आहे ते कळत नाही. टूथपेस्ट फक्त झोंबते. खोबरेल तेल वाईट नाही, पण पहिल्या दिवशी नको. गरम कातडीवर तेलाचा थर दिला की उष्णता आत अडकते. चौथ्या-पाचव्या दिवशी कातडीचे पापुद्रे सुटायला लागतात तेव्हा ते चालतं. पापुद्रे ओढून काढू नका, खालची कातडी अजून कच्ची असते.

"आतून थंडावा" म्हणून कोरफडीचा रस पिण्याची जी टूम आहे ती उन्हाळ्यात उलटी पडू शकते. रसात चीक राहिला तर जुलाब होतात, आणि ४५ अंशांत अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असताना जुलाब परवडत नाहीत. सालीसकट काढलेल्या कोरफडीच्या अर्काला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत घातलं आहे. प्यायचंच तर कैरीचं पन्हं, ताक, किंवा ओआरएस. एक लिटरच्या पुडीला मोजून एक लिटरच पाणी.

कोरफड बाजूला ठेवायची वेळ

फोड आले असतील तर ते फोडू नका. फुटलेल्या फोडावर किंवा सोललेल्या कातडीवर घरचा गर लावू नका, तो निर्जंतुक नसतो. मोठे फोड, चेहऱ्यावर किंवा अंगाच्या बऱ्याच भागावर फोड, पू, वाढत जाणारी सूज, किंवा दोन दिवसांनीही न हटणारा ठणका असेल तर डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या आतलं बाळ पोळलं असेल तर घरी प्रयोग नकोत. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन दाह कमी करतं खरं, पण अंगातलं पाणी कमी असताना ते मूत्रपिंडावर ताण आणतं, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. नेहमीच्या मानाने फारच थोड्या उन्हात कातडी पोळली असेल तर चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्सिसायक्लिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या कातडीला उन्हासाठी हळवी करतात.

ताप, थंडी वाजणं, उलट्या, चक्कर, गोंधळलेलं बोलणं यांतलं काही दिसलं तर प्रश्न कातडीचा राहिलेला नाही. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला, १०८ ला फोन करा आणि मेडिकल, मेयो (नागपुरातली दोन सरकारी रुग्णालयं) किंवा जे रुग्णालय जवळ असेल तिथे न्या. नीट शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

कोरफड सनस्क्रीनचं काम करत नाही. गर लावून दुपारी बाहेर पडणं म्हणजे पोळलेल्या कातडीला दुसऱ्यांदा पोळवणं. आठवडाभर ती जागा पूर्ण बाह्यांच्या सुती कपड्याने झाका. झाकता येत नाही तिथे एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन तासांनी.

आणि कुंडीचंही बघा. एप्रिलपासून पूर्ण उन्हात ठेवलेल्या कोरफडीची पानं तांबूस होतात, आकसतात, कापली तर आत नावाला गर निघतो. एप्रिल लागला की कुंडी सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा गॅलरीत हलवा. माती बोटभर खोल कोरडी झाली की संध्याकाळी भरपूर पाणी द्या, आणि कुंडीखालच्या ताटलीत ते साचू देऊ नका. एका वेळी एका झाडाची दोनपेक्षा जास्त पानं तोडू नका.